अकरा दिवसांची वाट, नऊ खंड

"एकदा उघडलेली पोथी पुरी केल्याशिवाय बांधून ठेवायची नाही, शुभदा. आणि वाचायला बसलं की मध्ये उठायचं नाही. दारात कुणीही येऊ दे."

हे सासूबाईंनी सांगितलं होतं लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये, कपाळाला बाम चोळता चोळता. सासूबाई आता नाहीत. त्यांचा आवाज मात्र शुभदाने आयर्लंडला येताना बरोबर आणला होता, आणि विमानतळावर त्याचं वजन कुणी केलं नव्हतं. यातला "दारात कुणीही येऊ दे" हा भाग पाळणं इथे फारसं जड गेलं नाही. दारात कुणी येतच नसे. येई तो पार्सलवाला, आणि तोही खोडी काढणाऱ्या पोरासारखा बेल वाजवून पळून जाई.

लिक्सलिपपासून गाडीने दहा मिनिटांवर, एकसारख्या एक्क्याऐंशी घरांच्या वसाहतीत तिचं घर होतं. नवरा विनय लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बारा तासांची रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. त्यामुळे दिवसाउजेडी घरात आवाज म्हणून काही करायचा नाही, असा नियम आपोआप लागू झाला होता. कुकर संध्याकाळी, मिक्सर त्याच्या सुट्टीच्या दिवशी. पूजेतली घंटासुद्धा शुभदा आतला लोलक बोटात धरून नुसती हलवायची. देवाने अकरा वर्षांत तक्रार केली नव्हती. मुळात ती हळू बोलणारी. आता तर इतकी हळू बोलायची की फोनवर समोरचा माणूस "रेंज गेली वाटतं" म्हणून ठेवून द्यायचा.

नियम तिचे पुष्कळ. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, रोजचं स्तोत्र, रोज एक ओळ तरी नामाची वही. या सगळ्यात मुलगी रेवती होती तोवर घरात जरा गडबड असायची. ती सप्टेंबरात गॉलवेला कॉलेजला गेली. रोज फोन करीन म्हणाली आणि शब्द पाळला. फोन रोज यायचा.

"हाय आई. आयॅम ग्रँड. जेवले. टॉक लेटर. बाय बाय बाय बाय."

'ग्रँड' म्हणजे इथल्या भाषेत नुसतं ठीक. अकरा सेकंद. त्यातले चार 'बाय'चे. इथली पोरं फोन ठेवताना इतके 'बाय' का म्हणतात, हे शुभदाला कधी कळलं नाही. त्यापेक्षा एकच म्हणून उरलेल्या वेळात काय जेवलीस ते सांगावं.

तर अशाच एका दिवशी ती रेवतीच्या खोलीत धूळ पुसायला गेली. रोजच जायची. धूळ रोज नसायची, हा भाग वेगळा. फळीवर तीन जाडजूड पुस्तकं होती, प्रत्येक पोळपाटाएवढं. रेवती बारा वर्षांची असताना ती छातीशी धरून झोपायची आणि "तुला नाही कळणार गं" म्हणायची. मालिकेचं नाव मराठीत आणायचं तर 'धुक्यातला दिवा'. शुभदाने पहिलं पुस्तक पुसायला म्हणून घेतलं आणि उघडलं. टॅव्हेल नावाचा एक मुलगा. त्याच्या गावातला एक दिवा समुद्रकाठच्या विझलेल्या दीपस्तंभावर नेऊन ठेवायचा. वाट अकरा दिवसांची. हे एकोणतिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे. पुढे जे झालं त्यात शुभदाची चूक किती आणि लेखिकेची किती, हे ठरवताना हे पान लक्षात घ्यावं.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ती सहज म्हणाली, "तुझी पुस्तकं पुसत होते. तो दिवेवाला मुलगा त्या लंगड्या घोड्याला बरोबर घेतो का गं?"



"यू'र रीडिंग इट? आई! ओ माय गॉड, द हॉर्स!"

आणि रेवती बोलायला लागली. मोडक्या मराठीत, मग गॉलवेच्या इंग्रजीत, मग दोन्हीची खिचडी. घोडा, घोड्याचा स्वभाव, घोड्यावर अन्याय. शेवटी म्हणाली, "नाऊ नो स्पॉइलर्स. आधी कॅच अप हो, मग आपण प्रॉपर बोलू. प्रॉपर, हां."

चार मिनिटं बारा सेकंद. शुभदाने ते कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकटीत, बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्नान करून, देवापुढे बसून तिने उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला: ही मालिका समग्र वाचीन, रोज एक अध्याय, सोवळ्याने, आणि समाप्ती होईपर्यंत गोड वर्ज्य. मुलीशी बोलणं व्हावं म्हणून. हिशेब सोपा होता. तीन खंड, प्रत्येकी अठ्ठावन्न अध्याय, म्हणजे होळीच्या पुरणपोळीला मोकळी. संकल्प सोडण्याआधी खंड किती आहेत याची चौकशी करावी, हे तिच्या मनातही आलं नाही. पोथीबद्दल कोण चौकशी करतं? जेवढी कापडात बांधलेली, तेवढी पोथी.

फाल्गुनात तिसऱ्या खंडाचं शेवटचं पान आलं. टॅव्हेल चौथ्या दिवसाच्या मुक्कामावर बर्फात अडकला होता, पाय सुजला होता, घोडा रुसला होता आणि खाली लिहिलं होतं की पुढील कथा चौथ्या खंडात.

शुभदाने फोनवर शोधलं. खंड नऊ निघालेले होते. दहावा 'लवकरच' होता, आणि तो गेली पाच वर्षं लवकरच होता. लेखिकाबाईंचा फोटो होता, काखेत बदक. खाली त्यांनी वाचकांना प्रेमाने कळवलं होतं की दहावा खंड अपेक्षेपेक्षा वाढल्यामुळे कदाचित त्याचे दोन करावे लागतील.

"मग सोड की," विनय पाळीवर जाण्याआधी डबा भरता भरता म्हणाला.

"पाणी सोडलंय."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही. म्हणून तर."

विनय इंजिनियर होता. तिच्या बोलण्यात कुठे तरी तर्क आहे पण तो पकडता येत नाही, असा चेहरा त्याने केला आणि बिनसाखरेच्या चहाचा कप तिच्यापुढे सरकवून तो निघून गेला.

चौथा खंड लायब्ररीतून आणायचं ठरलं. लायब्ररीतले गृहस्थ अतिशय सभ्य. फुकट आहे, म्हणाले, फक्त तुमच्या नावावर इथला पत्ता असलेला एक कागद लागेल. शुभदा घरी आली आणि कागद शोधायला बसली. विजेचं बिल विनयच्या नावावर. गॅस विनयच्या. इंटरनेट विनयच्या. घर विनयच्या. कचऱ्याच्या डब्याचं कार्डसुद्धा विनयच्या, आणि डबा दर मंगळवारी बाहेर ढकलत न्यायची ती. अकरा वर्षं या देशात राहून आपण इथे राहतो याचा एकही पुरावा आपल्यापाशी नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती जिन्याच्या पायरीवरच बसली. वर विनय घोरत होता; सगळे पुरावे त्याच्या नावावर.

शेवटी देवघराच्या खणात एक पत्र सापडलं. तिचा रोज गोग्रास घालायचा नियम होता. इथे गाई पुष्कळ, पण सगळ्या विजेच्या तारेपलीकडे, आणि पोळी घेऊन कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या बाईकडे शेतकरी ज्या नजरेने बघतो ती नजर एकदा सोसली की पुरे. मग तिने मनाशी तडजोड करून म्हाताऱ्या गाढवांच्या एका आश्रमाला दरमहा थोडं दान सुरू केलं होतं. त्या आश्रमाचं आभारपत्र. 'प्रिय शुभदा, तुमच्यामुळे बार्नी यंदाचा हिवाळा सुखात काढत आहे.' खाली तिचं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि बार्नीचा फोटो.

लायब्ररीतल्या गृहस्थांनी पत्र दोनदा वाचलं, बार्नीकडे पाहिलं, म्हणाले, "दॅट्स ग्रँड," आणि कार्ड दिलं. एका गाढवाच्या शिफारशीवर शुभदाला आयर्लंडचं नागरी अस्तित्व मिळालं. ती कार्ड घेऊन बाहेर आली. हे कुणाला तरी सांगायला हवं असं तिला फार वाटलं, आणि बसथांब्यावर कुणी नव्हतं.

सांगितलं ते शेजारच्या डिम्फ्नाला. डिम्फ्ना अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा गेलेला, रोज सकाळी चर्चला जाणारी. दोन सरींच्या मध्ये कपडे वाळत घालताना दोघींची कुंपणावरून गाठ पडायची. डिम्फ्नाने बिस्किटाचा डबा पुढे केला.

"नको. गोड सोडलंय."

डिम्फ्नाचे डोळे चमकले. "तूही? लेंटसाठी?" ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस; तिनेही चॉकलेट सोडलं होतं. "तुझं कधीपर्यंत?"

"एका बाईंची गोष्ट संपेपर्यंत," शुभदा म्हणाली आणि सगळं सांगितलं.

डिम्फ्नाने छातीवर क्रूसाची खूण केली. शुभदाच्या व्रताला या देशात मिळालेली ही पहिली गंभीर दाद. "ऐक," ती कुंपणावर वाकून, कुणी ऐकत तर नाही ना अशा बेताने म्हणाली, "रविवार धरू नकोस. रविवार मोजत नाहीत. आणि सतरा मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, पूर्ण सूट."

"ही सूट दिली कुणी?"

"माझ्या आईने."

प्रमाण निर्विवाद होतं. पण आई डिम्फ्नाची होती, आणि शुभदाच्या सासूबाई सुटीच्या बाबतीत फार कडक. तिने बिस्कीट घेतलं नाही. डिम्फ्नाने तिच्यासाठी मेणबत्ती लावायचं कबूल केलं, दहाव्या खंडाच्या नावाने.

वाचन चालू राहिलं. आता या मालिकेबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे, कारण शुभदा स्वतः कुणाबद्दल वाईट बोलायची नाही. चौथ्या खंडात टॅव्हेल एका खानावळीत शिरला आणि पाचव्याच्या मध्यापर्यंत बाहेर आला नाही. तिथे तो जे जे प्यायला त्या सगळ्या सुपांचं वर्णन होतं. तिने सहज मोजली, त्रेचाळीस. तीन अध्याय घोड्याच्या मनात चालतात. एक संपूर्ण अध्याय दोन सरदारांनी गवताच्या कुरणाच्या हद्दीवरून घातलेला वाद; तो वाचताना तिला चिंचवडच्या सोसायटीच्या पार्किंगची सभा आठवली आणि क्षणभर बरंही वाटलं. गोष्टीतली माणसं इतकी वाढली की तिने प्रेसच्या दाराला आतून, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात त्याच्या दाराला, एक वंशावळ चिकटवली. विनय मिठाचा डबा शोधताना ती वाचत उभा राहायचा आणि विचारायचा, "हे कोकणातले का?"

आणि लायब्ररीत सहाव्या खंडाची मोठ्या अक्षरांची आवृत्तीच काय ती शिल्लक होती. ती दोन पिशव्यांतून येई. शुभदाचा खांदा धरला.

पण त्याआधीचा एक प्रसंग राहिलाच. पाडव्याला इथल्या मराठी मंडळाचा सत्यनारायण होता, आणि प्रसादाचा शिरा शुभदाने हातात घेऊन नुसता धरून ठेवला. खावा तर संकल्प मोडतो, टाकावा तर पाप. चेरीवूडच्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर असलेल्या यामिनीने ते पाहिलं.

"शुभदाताई, काय झालं? शुगर निघाली?"

सांगावं लागलं. ऐकून यामिनी म्हणाली, "अहो, वीस मिनिटांत सगळी मालिका सांगणारे व्हिडिओ असतात. दीडपट वेगाने लावा, तेरा मिनिटांत सुटाल."

"पारायण दीडपटीने करत नाहीत," विजयालक्ष्मीकाकू मध्ये पडल्या. काकू मुलाकडे राहायला आलेल्या, माहेर-सासर दोन्हीकडे भिक्षुकी. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. "आधी तो शिरा खा. प्रसाद गोडात धरत नाहीत. आणि मोठं पारायण एकटीने कशाला करायचं? वाटून घ्यावं. नऊ जणी, नऊ खंड, एकाच वेळी बसायचं. पुण्य सगळ्यांना सारखं."

शिरा तिने खाल्ला. सहा महिन्यांनी साखर जिभेला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं भक्तीने.

यामिनीने तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. 'सामूहिक पारायण – धुक्यातला दिवा'. एक्सेल शीट केलं. नऊ जणी जमल्या. शुभदाला वाटणीत आला पहिला खंड, वाचलेलाच, कारण बाकीच्यांना आणखी जाड पुस्तकांची हौस होती.  समाप्तीपर्यंतच्या दहा आठवड्यांत तिचा फोन दिवसभर थरथरत असायचा, आवाज बंद करून ओट्यावर ठेवला तरी चमच्यांसकट. कुणी विचारी, हा ब्रोन कोण? कुणी रडकी चिन्हं टाकी. शुभदा वंशावळीपुढे उभी राहून उत्तरं द्यायची. ते आठवडे चांगले गेले, हे खोटं नाही.

समाप्ती जूनमधल्या एका शनिवारी तिच्याच घरी ठरली. विनय शुक्रवारची रात्रपाळी करून वर झोपला होता, तेव्हा शुभदाने दारातच प्रत्येकीला ओठांवर बोट ठेवून सांगितलं: हळू. नऊ बायका बैठकीत गोल बसल्या आणि आपापल्या खंडाचं सार क्रमाने, कुजबुजत सांगू लागल्या.

चौथ्या खंडापर्यंत ठीक चाललं. चौथा टॅलाच्या हॉस्पिटलातल्या नर्स साक्षीकडे. ती ब्रेकमध्ये वाचून वाचून रडली होती. "कॅप्टन ब्रोन जातो हो," ती कुजबुजली. "टॅव्हेलच्या मांडीवर. मला वॉर्डात कुणी विचारलं, कोण गेलं, तर मी म्हटलं, घरचंच माणूस."

"कुठे जातो?" सहाव्या खंडाच्या विजयालक्ष्मीकाकू दबक्या आवाजात कडाडल्या. "चांगला धडधाकट आहे. खानावळ चालवतो. दोन लग्नं केलीत मेल्याने!"

"काकू, तो माझ्यासमोर मेला!"

"मग माझ्यासमोर जेवतोय तो कोण?"

साक्षीने रुमाल डोळ्यांना लावला. आपल्या दुःखाचा असा अपमान झाल्यावर कुणीही लावील. यामिनीने दोघींना हाताने शांत केलं आणि आठव्या खंडाचं सार पडद्यावर दाखवलं, रंगीत चौकटींसकट. त्यात ड्रॅगनने राजकन्येशी लग्न केलं होतं.

"ड्रॅगन?" शुभदा म्हणाली. "या गोष्टीत ड्रॅगन नाहीये."

"नाही कसा? इथे आहे ना."

"यामिनी, तू वाचलास का खंड?" काकूंनी विचारलं.

"मी एआयकडून समरी करून घेतली," यामिनी म्हणाली. "काकू, माझं डिलिव्हरेबल होतं हो त्या आठवड्यात!"

त्यानंतर नऊ बायका एकाच वेळी भांडल्या, आणि सगळ्या कुजबुजत. खोलीत वीस स्टोव्ह एकदम पेटल्यासारखा आवाज होता. साक्षीचे हुंदके त्यावर. जिन्यात पावलं वाजली. बर्म्युडा आणि बनियनमध्ये, केस उभे, डोळे अर्धवट मिटलेले असा विनय दारात उभा राहिला. गोल बसलेल्या बायका, रुमाल, समई.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"कॅप्टन ब्रोन," साक्षी म्हणाली.

"नाही गेला!" काकू म्हणाल्या.

विनय "वाईट झालं" म्हणून वर गेला.

जेवण मात्र उत्तम झालं. शुभदाने पुरण घातलं होतं, उद्यापन म्हणून. बायकांनी दोन-दोन पोळ्या खाल्ल्या, पुण्य सारखं वाटून घेतलं आणि पाच वाजता आपापल्या गाड्यांत बसून गेल्या. चार दिवसांनी ग्रुपचं नाव 'आयर्लंड एअर फ्रायर रेसिपीज' झालं.

शुभदाने स्वतः पोळी खाल्ली नव्हती. ताटं विसळताना तिने विचार केला: पाणी मी सोडलं. तेही एकटीने. मग ते नऊ जणींत वाटलं कसं जाईल? आणि मुलीला सांगायचं काय, की आठव्यात ड्रॅगनचं लग्न होतं? दुसऱ्या दिवशी तिने पाचवा खंड पहिल्या अध्यायापासून उघडला.

त्यानंतरचा सांगण्यासारखा भाग थोडाच. पावसाळा इथे वेगळा नसतो, त्यामुळे दिवस कसे गेले ते आठवायला खूण नाही. गणपती आले, तिने एकवीस मोदक केले, एक प्रसादाचा खाल्ला आणि बाकीचे विनयच्या शिफ्टला पाठवले. रेवती नाताळात आली, चार दिवस मैत्रिणींकडे, दोन दिवस झोपून. "आई, स्वीट्स का नाही खात?" "नियम आहे." "अगेन?" म्हणून तिने चॉकलेटचा कागद सोलला. आईचं काही ना काही चालूच असतं हे तिला लहानपणापासून माहीत. शुभदाच्या ओठांवर आलं होतं, पण अजून आठवा चालू होता. पूर्ण वाच, मग प्रॉपर बोलू, असं ठरलं होतं ना. अर्धवट तयारीने कशाला जायचं?

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी, नवव्या खंडाचं शेवटचं पान आलं. टॅव्हेल सहाव्या दिवसाच्या मुक्कामावर होता. दीपस्तंभ अजून पाच दिवस पुढे, किंवा लेखिकाबाईंच्या मोजणीने आणखी आठ हजार पानं. शुभदाने पुस्तक मिटून नमस्कार केला. दहावा येईल तेव्हा येईल. गोड तोवर बंदच. पण जेवढं आहे तेवढं तिचं झालं होतं.

तिने एका कागदावर मुद्दे काढले, तोंडी परीक्षेला काढतात तसे. घोड्याचा शेवट. ब्रोन खरा कोण. सुपं. मग दुपारी रेवतीचे तास संपायची वेळ पाहून फोन लावला. स्वतःहून, पहिल्यांदाच, रोजच्या वेळेच्या आधी.

"आई? व्हॉट हॅपन्ड? बाबा ओके?"

"सगळं ठीक आहे. अगं, झालं माझं. कॅच अप. नऊच्या नऊ."

"नऊच्या नऊ काय?"

"धुक्यातला दिवा."

पलीकडे वारा वाजत होता, समुद्राकडचा. "आई," रेवती शेवटी म्हणाली, "मी तर थ्रीला सोडलं. इट जस्ट वेंट ऑन अँड ऑन. नोबडी रीड्स ऑल नाइन. तू... सगळी वाचलीस? कशाला?"

शुभदाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. तीन खंड. फळीवर तीनच का होते, हे सतरा महिन्यांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ती हसली. हसणंही तिचं हळूच.

"अशीच गं. वेळ होता."

आता 'बाय बाय' येणार म्हणून तिने फोन कानापासून जरा लांब धरला.

"आई, एक सांग," रेवती म्हणाली. "त्याची मम्मी भेटते का नंतर?"

"कोणाची?"

"टॅव्हेलची. पहिल्या चॅप्टरमध्ये तो निघतो ना, ती दारात असते. ती म्हणते, जेवून जा. तो म्हणतो, नंतर. अँड दॅट्स इट. नंतर तिचं काहीच नाही. मी तिच्यासाठी थ्रीपर्यंत वाचलं. आय वॉज रेजिंग, आई. घोड्याला चॅप्टर्स आणि तिला काही नाही. म्हणून सोडलं मी. नंतर येते ती?"

शुभदा नऊ खंड मनात उलटत गेली. सुपं होती, सरदार होते, कुरणाची हद्द होती, खानावळवाल्याच्या नाकावरचा मस होता. खोटं ती एरवीही बोलत नसे, गुरुवारी तर नाहीच.

"नाही गं," ती म्हणाली. "येत नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

फोन चालू होता. सहा मिनिटं झाली होती, सात झाली. कॅलेंडरकडे बघायचं तिला सुचलं नाही.

"मग ती करते काय दिवसभर?" रेवतीने विचारलं. "आय मीन, तो गेल्यावर. घरात कोणी नाही. ती काय करत असेल?"

 वर पलंग करकरला. विनयने कूस बदलली असावी.

"तू वाचलंयस सगळं," रेवती म्हणाली. "यू टेल मी. तुला माहीत असेल."

"लगेच नाही सांगता येणार. लिहून ठेवते. रविवारी वाचून दाखवीन."

"प्रॉमिस?"

"हो."

"ओके. माझी बस आली. रविवारी, हां. बाय आई." एकदाच म्हणाली.

शुभदाने फोन ठेवला, मुद्द्यांचा कागद पालथा केला आणि तो पुरायचा नाही हे लक्षात येऊन उठली. देवघरातून नामाची वही आणली. नियमाच्या वहीत दुसरं काही लिहायचं नसतं. तिने मागच्या बाजूने, शेवटच्या पानापासून सुरुवात केली. खुर्ची वाजू नये म्हणून उचलून ओढली. 

टॅव्हेलच्या देशात भात पिकत नाही, हे तिला ठाऊक होतं; नऊ खंडांत कुणी त्याचा एक घास खाल्ला नव्हता. तरी तिने लिहिलं:

'तो गेला त्या दिवशी भात उरला.'